अवयव प्रत्यारोपण : कमीत कमी औषधांत प्रतिकार-सहिष्णुता

मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया आता म्हैसूरसारख्या शहरांतही होतात. मात्र शस्त्रक्रिया यशस्वी झाली, तरी रुग्णाची औषधांपासून सुटका होत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती नव्या अवयवाला परका समजून त्यावर हल्ला करते. हा हल्ला रोखण्यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड यांसारखी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांमुळे जंतुसंसर्ग, मधुमेह आणि कर्करोगाचा धोका वाढतो. खर्चाचा भारही मोठा असतो.

सहिष्णुता म्हणजे काय?

इतर रोगजंतूंशी लढण्याची क्षमता कायम ठेवून शरीराने केवळ दात्याचा अवयव स्वीकारणे, याला प्रतिकार-सहिष्णुता म्हणतात. पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ती शक्य असल्याचे दाखवले. या शोधासाठी मेडावार आणि फ्रँक बर्नेट यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्रिटिश शल्यविशारद रॉय काल्न यांनी १९९८ मध्ये 'जवळजवळ सहिष्णुता' ही कल्पना मांडली. औषधे पूर्णपणे बंद न करता अल्प मात्रेवर आणणे, हा तिचा गाभा होय.

अहमदाबादचे प्रयत्न

भारतात या दिशेने अहमदाबाद येथील मूत्रपिंड रोग संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम झाले. कॅनडातून परतलेले डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी ही संस्था उभारली. दात्याच्या अस्थिमज्जेतील आणि चरबीतील मूळपेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून रुग्णाच्या शरीरात सोडण्याची पद्धत त्यांच्या चमूने वापरली. दात्याच्या पेशींशी आधी ओळख झाल्यास विरोध सौम्य होईल आणि औषधांची मात्रा घटेल, असा यामागील विचार होता. त्रिवेदी यांना २०१५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली; २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

यश आणि मर्यादा

अमेरिकेतील बोस्टन येथील डॉक्टरांनी २००८ मध्ये पाच रुग्णांवरील उपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांना मूत्रपिंडासोबत त्याच दात्याची अस्थिमज्जा देण्यात आली होती. त्यांपैकी चौघांची औषधे थांबवता आली. एकाचे प्रत्यारोपित मूत्रपिंड मात्र निकामी झाले. पुढील काळात अशा काही रुग्णांना औषधे पुन्हा सुरू करावी लागली.

त्यामुळे ही पद्धत अद्याप सर्वसाधारण उपचार ठरलेली नाही. रुग्णाने स्वतःच्या मनाने औषधे कमी करणे वा सोडणे घातक ठरते. तसे केल्यास मिळालेला अवयव गमावण्याची वेळ येऊ शकते.