कोरडी, पांढरट त्वचा : कारणे, काळजी आणि धोक्याच्या खुणा

दिवाळी सरली, की देशावर कोरडी हवा सुटते आणि अनेकांचे अंग फुटू लागते. नडगीवर नखाने ओरखडा ओढला, तर पांढरी रेघ उमटते. कोपर, गुडघे आणि घोटे राख फासल्यासारखे दिसतात. टाचांना भेगा पडतात. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे, की तिच्याकडे सौंदर्याचा किरकोळ प्रश्न म्हणून पाहिले जाते. बहुतेकांच्या बाबतीत तो किरकोळ असतोही. परंतु काही व्यक्तींमध्ये हाच कोरडेपणा मधुमेह, थायरॉइडचा विकार किंवा कुष्ठरोग यांची खूण असू शकतो. म्हणूनच साधा कोरडेपणा कोणता आणि तपासणीची गरज असलेला कोणता, हे ओळखता येणे महत्त्वाचे ठरते.

त्वचा कोरडी का पडते?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत, चपट्या पेशींचा बनलेला असतो. त्याची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधील सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले म्हणजे त्यांना सांधणारा चुना. हा स्निग्ध चुना शरीरातील पाणी बाहेर जाऊ देत नाही. शिवाय पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारी नैसर्गिक द्रव्ये असतात. ही द्रव्ये ‘फिलॅग्रिन’ नावाच्या प्रथिनापासून तयार होतात. या प्रथिनाच्या जनुकातील दोष आनुवंशिक कोरडेपणाच्या व इसबाच्या मुळाशी असू शकतो, हे २००६ साली स्पष्ट झाले. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ‘आमची कातडीच कोरडी’ असे म्हटले जाते, त्यामागे असे कारण असू शकते.

या बाह्य थरातील पाण्याचे प्रमाण सुमारे १० टक्क्यांच्या खाली गेले, की त्याची लवचिकता कमी होते. एरवी मृत पेशी सुट्या होऊन नकळत गळून पडतात. पाणी कमी झाले, की त्या सुट्या न होता खपल्यांच्या रूपाने कडेने उचलल्या जातात. या खपल्यांमध्ये हवा शिरते, प्रकाश विखुरला जातो आणि त्वचा पांढरट दिसते. सावळ्या व काळ्या वर्णावर हा विरोधाभास अधिक ठळक असल्याने ती राखाडी भासते. तेलाचा हात फिरवताच पांढरटपणा क्षणात नाहीसा होतो, कारण तेल खपल्यांमधील पोकळी भरून काढते. परंतु तेवढ्याने मूळचा कोरडेपणा गेला, असे समजू नये.

कोरडेपणा वाढवणाऱ्या सवयी

थंडीतील कोरडी हवा हे एक कारण झाले. कोकणाच्या दमट हवेत राहणाऱ्यास विदर्भात वा खानदेशात आल्यावर हा फरक लगेच जाणवतो. वातानुकूलित कचेऱ्यांमध्ये मात्र ही स्थिती बारमाही असते. त्यात कढत पाण्याचे दीर्घ स्नान आणि साबणाचा सढळ वापर यांची भर पडते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिचा सामू साधारणपणे ५ च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. असा साबण मळाबरोबर त्वचेतील स्निग्धांशही धुऊन नेतो. धुणीभांडी करणारे, गवंडीकाम करणारे आणि वारंवार हात धुवावे लागणारे परिचारिकांसारखे कर्मचारी यांच्या हातांना हा त्रास अधिक होतो. वयोमानानुसार त्वचेतील तेलग्रंथी मंदावतात. त्यामुळे वृद्धांच्या नडग्यांवरील त्वचा आटलेल्या तळ्यातील चिखलाप्रमाणे तडकते आणि रात्री खाज सुटते.

स्नानाचे पथ्य

पाणी कोमट असावे व स्नान दहा मिनिटांत आटोपावे. साबण संपूर्ण अंगाला रोज चोळण्याची आवश्यकता नसते. काखा, जांघा आणि पावले एवढ्या जागांना तो पुरेसा असतो. वजरीने वा खरखरीत उटण्याने खपल्या घासून काढण्याचा मोह टाळावा. त्याने तात्पुरते गुळगुळीत वाटले, तरी आधीच खचलेली भिंत आणखी खचते. स्नानानंतर पंचाने अंग टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, शक्यतो तीन मिनिटांच्या आत, स्निग्ध द्रव्य लावावे. कोरड्या त्वचेवर दुपारी लावलेल्या मलमापेक्षा याचा उपयोग अधिक होतो, कारण त्वचेत मुरलेले पाणी आतच कोंडले जाते.

काय लावावे?

या मलमांतील घटकांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. ग्लिसरीन, युरिया व लॅक्टिक आम्ल हे पाणी ओढून धरतात. विविध वनस्पतिज तेले खपल्यांमधील फटी बुजवतात. पेट्रोलियम जेली, पॅराफिन यांसारखे पदार्थ पृष्ठभागावर आवरण तयार करून पाण्याचे बाष्पीभवन रोखतात. अतिशय कोरड्या हवेत नुसते ग्लिसरीन न लावता त्यावर आवरण करणारा पदार्थ लावणे हितावह ठरते. सर्वसाधारण कोरडेपणासाठी ५ ते १० टक्के युरिया असलेले मलम पुरते. मात्र फुटलेल्या त्वचेवर ते झोंबते. लहान मुलांच्या अंगावर युरिया, लॅक्टिक वा सॅलिसिलिक आम्लयुक्त मलमे डॉक्टरांच्या सल्ल्याविना लावू नयेत.

प्रमाणही महत्त्वाचे असते. प्रौढ व्यक्तीच्या संपूर्ण अंगाला एकदा मलम लावण्यास २० ते ३० ग्रॅम लागतात. महागड्या बाटलीतील दोन थेंब पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्त, सुगंधविरहित पेट्रोलियम जेली दिवसातून दोनदा लावणे श्रेयस्कर होय.

घरगुती तेलांपैकी खोबरेल तेल उपयुक्त असल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले; कोरडेपणावर ते खनिज तेलाइतकेच गुणकारी ठरले. याउलट ऑलिव्ह तेलामुळे त्वचेच्या संरक्षक थराला इजा होत असल्याचे २०१३ मधील एका अभ्यासात दिसून आले. मोहरीचे तेलही काहींना दाहक ठरते. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हे समीकरण बरोबर नाही. एक सावधगिरी आवश्यक आहे. तेल वा पॅराफिन मुरलेले कपडे चटकन पेट घेतात. असे कपडे अंगावर असताना शेगडी, निरांजन व विडी-सिगारेटपासून दूर राहावे.

टाचांच्या भेगा

कोकणात व गोव्यात कोकमाच्या बियांपासून काढलेले, गोळ्यांच्या रूपात मिळणारे घट्ट तेल भेगांसाठी पूर्वापार वापरले जाते. ते पातळ करून कोमट असताना भेगांत भरतात. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, टिपून, कोकमतेल वा पेट्रोलियम जेली लावावी आणि सुती मोजे घालून झोपावे. टाचेची कातडी फार जाड झाली असल्यास अधिक तीव्रतेचे युरियायुक्त मलम डॉक्टर सुचवतात. ब्लेडने कातडी तासण्याचा प्रकार मात्र घातक आहे.

मधुमेहींनी याबाबत विशेष दक्ष राहावे. मज्जातंतूंना इजा झाल्याने पायांना घाम येत नाही, त्वचा फुटते आणि संवेदना कमी झाल्यामुळे भेग जाणवतही नाही. त्याच भेगेतून जंतुसंसर्ग होऊन पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यांनी पावले रोज न्याहाळावीत व मलम लावावे. पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तेथे ओलावा राहून बुरशी वाढते.

काही गैरसमज

भरपूर पाणी प्यायल्याने कोरडी त्वचा सुधारते, असे सर्रास सांगितले जाते. शरीरात पाण्याची कमतरता असेल तरच त्याचा लाभ होतो. एरवी प्यालेले पाणी फुटलेल्या त्वचेतून निसटतच राहते. मुलांच्या गालांवरील फिकट, खरखरीत चट्टे जंतांमुळे वा कॅल्शियमच्या अभावामुळे होतात, ही समजूतही निराधार आहे. तो बहुधा इसबाचाच सौम्य प्रकार असतो. स्निग्ध मलम आणि थोडा धीर पुरेसा होतो. दुकानदाराने सुचवलेले ‘खाजेचे मलम’ हा मात्र खरा धोका आहे. त्यांपैकी अनेकांत तीव्र स्टिरॉइड असते. त्याच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होते आणि नायटा असल्यास तो फोफावतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन-तीन आठवडे नियमित काळजी घेऊनही फरक पडला नाही, खाजेने झोप मोडू लागली, त्वचेतून रक्त वा पू येऊ लागला, तर तपासणी करून घ्यावी. कोरडेपणाबरोबर थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ व थंडी सहन न होणे ही लक्षणे असतील, तर थायरॉइडची तपासणी आवश्यक ठरते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारातही त्वचा कोरडी पडून खाज सुटते.

सर्वांत महत्त्वाची खूण वेगळीच आहे. एखादा फिकट किंवा लालसर चट्टा कोरडा असेल, तेथे घाम येत नसेल, केस गळले असतील आणि स्पर्श, उष्णता वा टोचणे जाणवत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. अशा चट्ट्यावर तेल चोळत महिने घालवू नयेत. सरकारी आरोग्य केंद्रांत त्यावरील बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि तो सामान्यतः ६ ते १२ महिन्यांत पूर्ण होतो. वेळेवर उपचार झाले तर विकृती टळते; उशीर झाल्यास गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. म्हणून अंगाला तेल लावताना हाताला जाणवणारा प्रत्येक बधिर डाग लाज वा भीती न बाळगता डॉक्टरांना दाखवावा.