बॉनेट उघडायचं कोणी?

मंडळी, या शनिवारी थोडा गाड्यांचा इतिहास.

कुर्ल्यात अजून ‘प्रीमियर रोड’ आहे, पण हे प्रीमियर कोण ते बऱ्याच जणांना सांगावं लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट बाहेर पडू लागली, तिचंच १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ असं बारसं झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. या गाडीचं मोठेपण माझ्या मते एकच. बॉनेट उघडलं की सगळं समोर! कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट... गॅरेजमधला पोऱ्या बघून बघून शिकायचा. थोडक्यात, ती ‘ओपन सोर्स’ गाडी होती. लायसन्स तेवढं कोणी लिहिलं नव्हतं :-)

मग कार्ब्युरेटर गेला आणि ईसीयू नावाचा छोटा कंप्युटर आला. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवू लागला. धूर कमी झाला, हे कबूलच. पण आता बॉनेट उघडून बघणार काय? खरी गाडी कोडमध्ये, आणि कोड कंपनीच्या कुलपात.

कुलपाआड काय चालू शकतं ते सप्टेंबर २०१५ मध्ये कळलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधला प्रोग्रॅम, आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचा आणि तेवढ्यापुरता शहाण्यासारखा वागायचा! ही लबाडी उघडी पडली ती रस्त्यावर धूर मोजल्यामुळे. कोड वाचायची सोय बाहेरच्या कोणाला नव्हतीच. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयने गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

गंमत पुढे आहे. गाडीतले कंप्युटर एकमेकांशी बोलतात ते ‘कॅन’ नावाच्या तारेवरून (बॉशने १९८६ साली जगापुढे आणलेली पद्धत). लिनक्सला ही भाषा समजावी म्हणून लिहिलेला ‘सॉकेटकॅन’ हा कोड २००८ साली कर्नलमध्ये आला. मुळात तो लिहिला कोणी? फोक्सवॅगनच्याच संशोधन विभागाने! एकाच कंपनीचे दोन कोड. एक सगळ्यांना वाचता येणारा, दुसरा कुलपातला. लबाडी कुठे लपली ते सांगायला नकोच.

या सॉकेटकॅनमध्ये एक खोटी, म्हणजे व्हर्च्युअल तारही मिळते. लॅपटॉपवर चार कमांड टाकल्या की गाडी नसतानाही ‘गाडी’ बोलू लागते. मुलुंडच्या वन-बीएचकेत गाडीला जागा नसली तरी लॅपटॉपला असतेच. गाड्यांच्या सॉफ्टवेअरची हॅकेथॉन यामुळे कोणालाही शक्य झाली.

‘हॅकेथॉन’ हा शब्दही तसा याच कुळातला. जून १९९९ मध्ये ओपनबीएसडीचे दहाएक प्रोग्रॅमर कॅनडातल्या कॅलगरीला जमले, कारण क्रिप्टोग्राफीचा कोड अमेरिकेबाहेर पाठवण्यावर तिथल्या कायद्याची आडकाठी होती. बंद दार टाळून एकत्र बसायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. मोटार कंपन्या जरा उशिरा आल्या. २००९ मध्ये बीएमडब्ल्यू, जीएम, इंटेल वगैरेंनी ‘जेनिव्ही’ काढली. २०१२ मध्ये ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ आलं, आणि त्यात सुरुवातीपासून टोयोटाबरोबर टाटांची जग्वार लँड रोव्हर होती. २०२१ मध्ये जेनिव्हीचं ‘कोवेसा’ झालं. वेग, इंधन, दार उघडं की बंद, यांना सगळ्या गाड्यांत एकच नाव असावं, असा तिचा खुला आराखडा आहे. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोन दिवसांच्या हॅकेथॉनमध्ये पहिला दिवस ‘वेग नक्की कुठल्या मेसेजमध्ये आहे?’ हे शोधण्यातच गेला, तर उरलं काय?

आपल्या उपनगरांत याच्या सर्वात जवळचं उदाहरण पवईचं. महिंद्राने ‘राइज प्राइज’मध्ये चालकाशिवाय चालणाऱ्या गाडीची स्पर्धा लावली, तेव्हा आयआयटीच्या पोरांनी ‘सेड्रिका’ हा प्रकल्प हाती घेतला. गाडी महिंद्राची इलेक्ट्रिक ई-टू-ओ, सॉफ्टवेअरच्या पायाला आरओएस ही खुली प्रणाली. पाया फुकट आणि वाचता येण्याजोगा नसता, तर कॉलेजातल्या पोरांना एवढी उडी झेपली नसती.

आता कोणी म्हणेल, शनिवार-रविवारी लिहिलेला कोड ब्रेकमध्ये घालणार का? मुळीच नाही! त्यासाठी आयएसओ २६२६२ आहे, वर्षानुवर्षांच्या चाचण्या आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. पण त्या चाचण्यांनाही चकवणारा कोड एकदा येऊन गेलाय. पुढचा आला तर तो ओळखणारे डोळे कुठे तयार होणार? पद्मिनीच्या काळात ते गॅरेजमध्ये तयार व्हायचे. आता निदान दोन दिवस तरी कोणीतरी बॉनेट उघडं ठेवलं पाहिजे.

असो. पुढच्या शनिवारी भेटूच.