सर्व्हिसिंगचं बिल आणि थोडा इतिहास

परवा गाडी सर्व्हिसिंगला टाकायला लातूरला गेलो होतो. निलंग्याहून सकाळी लवकर निघायचं, गाडी डीलरच्या ताब्यात द्यायची आणि संध्याकाळपर्यंत लातुरात वेळ काढायचा, हा आमचा वर्षातून एकदाचा कार्यक्रम. या वेळी तिथल्या मुलाने हातात १३,८६० रुपयांचं एस्टिमेट ठेवलं! इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर समजू शकतो. पण पुढे इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग, एअर फिल्टर, ब्रेक ऑइल...

"सर, कंपनीच रेकमेंड करते."

मला आमच्या वडिलांची फियाट आठवली. वालचंद हिराचंद या सोलापूरच्या माणसाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, त्या कंपनीची ही गाडी. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण आमच्याकडे कोणी तिला पद्मिनी म्हटल्याचं आठवत नाही. तर या गाडीला सतत काही ना काही लागायचं. निपलमध्ये ग्रीस भरा, पॉइंट घासून गॅप लावा, कार्बोरेटर उघडून साफ करा. ही कामं टाळली तर गाडी खरोखरच रस्त्यात उभी राहायची. म्हणजे मिस्त्री सांगेल ते करणं यात भाबडेपणा काही नव्हता.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. २००० च्या एप्रिलपासून धुराचे नियम कडक झाले, तसे कार्बोरेटर आणि पॉइंट नव्या पेट्रोल गाड्यांतून गेलेच. ऑइलही सुधारलं. आता बऱ्याच गाड्यांना ते दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाने बदललं तरी चालतं. गाडीची गरज घटली, यादी मात्र वाढली. नव्या गाडीच्या विक्रीत डीलरला फारसं सुटत नाही, कमाई वर्कशॉपमध्ये, हे त्याचं कारण असावं असं आपलं माझं मत.

मग बाहेर का करून घेत नाही? वॉरंटी जाईल ही भीती! या भीतीचा निवाडा झालेला आहे, हे फार लोकांना माहीत नसतं. २०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात मिळू दिले पाहिजेत, आणि नुसती बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असं बजावलं. प्रकरण पुढे अपिलात गेलं, ते असो. निलंग्यात बसून अस्सल पार्ट मिळवणं अजूनही वाटतं तितकं सोपं नाही.

तर मी डिकीतून गाडीचं पुस्तक काढलं आणि तिथेच बाकावर बसून वाचलं. (तीन वर्षांत पहिल्यांदा!) इंजिन फ्लशचा त्यात उल्लेखही नाही. थ्रॉटल बॉडीचाही नाही. कोटिंग कोकणात खाऱ्या हवेला ठीक, आमच्याकडे कोरड्या हवेत कशाला? हे सगळं खोडलं. पेन हातात होतं म्हणून जोरात ब्रेक ऑइलही खोडलं, आणि एअर फिल्टर सुद्धा.

मग खालच्या बारीक अक्षरांकडे लक्ष गेलं. धुळीच्या रस्त्यांवर एअर फिल्टर लवकर बदला. आमच्या शेताकडचा रस्ता आठवा! आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. ते हवेतली ओल शोषतं, मग घाटात ब्रेक तापले की उकळून दगा देऊ शकतं. आम्ही दर दिवाळीला पोराबाळांसकट कोकणात उतरतो. माझं तीन वर्षांचं झालं होतं.

उठून काउंटरवर गेलो आणि खोडलेल्या दोन ओळी पुन्हा लिहायला लावल्या. तो मुलगा काही बोलला नाही. बिल झालं ७,२४०. संध्याकाळी त्याने जुनं ब्रेक ऑइल बाटलीत आणून दाखवलं. कोऱ्या चहासारखं झालं होतं.