वेब पोर्टलची खरेदी आणि पूर्वतांत्रिक परीक्षण : महाराष्ट्रातील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : पुण्यातील बिबवेवाडी हे नाव देवनागरीत कोणी ‘बिबवेवाडी’ तर कोणी ‘बिबेवाडी’ असे लिहितो. रोमन लिपीत कोणी त्यासाठी ‘व्ही’ वापरतो, तर कोणी ‘डब्ल्यू’. टपालाच्या पाकिटावर यामुळे काही बिघडत नाही, कारण पोस्टमन माणूस असतो. संगणकाच्या दृष्टीने मात्र ही तीन-चार वेगवेगळी गावे ठरतात. कोणतेही वेब पोर्टल विकत घेण्यापूर्वी त्याच्या शोधयंत्रणेत हे एकच नाव टाकून पाहिले, तरी विक्रेत्याच्या चकचकीत सादरीकरणातून न कळणारे बरेच काही कळून येते. महाराष्ट्रातील सार्वजनिक संस्थांनी अशी साधी परीक्षा खरेदीपूर्वी कितपत घेतली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सरकारी खरेदीत दोन लिफाफ्यांची पद्धत रूढ आहे. केंद्राच्या 2005 च्या सामान्य वित्तीय नियमांत ती नमूद होती आणि 2017 च्या सुधारित नियमांतही ती कायम राहिली. आधी तांत्रिक लिफाफा उघडावयाचा व त्यात उत्तीर्ण झालेल्यांचाच आर्थिक लिफाफा पाहावयाचा, असा हा क्रम आहे. परंतु तांत्रिक लिफाफ्यात बहुधा असते काय? कंपनीची वार्षिक उलाढाल, पूर्वीच्या कामांचे दाखले, गुणवत्तेची प्रमाणपत्रे. ही सर्व परीक्षा विक्रेत्याची होय. विकत घ्यावयाच्या वस्तूची नव्हे. रस्ता वा इमारत यांच्या बाबतीत हे कदाचित चालून जाते, कारण सिमेंटचे गुणधर्म ठाऊक असतात. संगणक प्रणालीचे तसे नसते.

मराठीच्या बाबतीत पहिला धडा लिपीने शिकविला. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक 1991 मध्ये निश्चित झाले होते आणि पुण्याच्या सी-डॅकचे त्या क्षेत्रातील कार्य सर्वज्ञात आहे. तथापि 1990 च्या दशकात व त्यानंतरही कित्येक वर्षे कार्यालयांतील प्रत्यक्ष टंकलेखन निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये होत राहिले. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेले असत आणि प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असे. पडद्यावर मजकूर सुबक दिसे. परंतु ज्या संगणकावर तो फाँट नाही तेथे रोमन अक्षरांचा गोंधळ उमटे. शोध, क्रमवारी, एका प्रणालीतून दुसरीत स्थलांतर, सारेच अडे. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक अधिसूचित केले. त्याच महिन्याच्या 6 तारखेस राज्य शासनाने मराठी वर्णमालेविषयीचा निर्णय काढला. मराठीला आवश्यक असलेला ‘ॲ’ युनिकोडमध्ये 2008 मध्येच दाखल झाला होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

युनिकोड आले म्हणून परीक्षणाची गरज संपली नाही. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. केवळ संकेतांकाच्या क्रमाने यादी लावणाऱ्या पोर्टलवर ‘काळे’ हे आडनाव ‘कासार’च्या आधी लागते आणि मराठी क्रमाने नाव शोधणाऱ्याला ते अपेक्षित जागी सापडत नाही. हा दोष पाच मिनिटांच्या चाचणीत उघड होतो.

मुंबई विद्यापीठ, 2017 : लिपीच्या चुकीने गैरसोय होते, क्षमतेच्या चुकीची किंमत फार मोठी असते. 1857 मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. काम एका खाजगी कंपनीकडे सोपविले गेले ते एप्रिलअखेरीस, म्हणजे परीक्षा सुरू झाल्यानंतर. उत्तरपत्रिका होत्या 17 लाखांहून अधिक. विद्यापीठ कायद्यानुसार निकाल 30 दिवसांत व फार तर 45 दिवसांत लागणे अपेक्षित असते. साधा भागाकार केला तरी दिवसाला सुमारे 38 हजार उत्तरपत्रिका स्कॅन होऊन, योग्य विषयाच्या परीक्षकाकडे पोहोचून, तपासून परत यावयास हव्या होत्या. हा आकडा निविदेपूर्वीच काढता आला असता. एखाद्या लहान विद्याशाखेवर प्रयोग करून या आकड्याशी यंत्रणेची क्षमता ताडून पाहणे हेही अशक्य नव्हते.

तसे झाले नाही. कुलपतींनी दिलेली 31 जुलैची मुदत टळली, राज्यातील अन्य विद्यापीठांतील प्राध्यापकांची मदत घ्यावी लागली आणि अखेरचे निकाल सप्टेंबरमध्ये लागले. दरम्यान पदव्युत्तर व परदेशी प्रवेशांसाठी गुणपत्रिकेची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची झालेली कुचंबणा कोणत्याही निविदेत नोंदली जात नाही. 24 ऑक्टोबर 2017 रोजी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

या प्रकरणाची चर्चा बहुतांशी व्यक्तींभोवती फिरली. पडद्यावरील तपासणी ही कल्पनाच सदोष होती, असेही काहींनी मानले. ते पटण्याजोगे नाही. अशी तपासणी अन्यत्र होत होती व होत आहे. दोष होता तो पूर्ण भाराची चाचणी न घेता एकाच सत्रात सर्व अभ्यासक्रम नव्या यंत्रणेवर नेण्यात आणि जुनी पद्धत पर्याय म्हणून हाताशी न ठेवण्यात. प्राध्यापकांना प्रशिक्षण मिळाले तेही काम अंगावर आल्यावरच.

आता नियमांची वानवा नाही. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे 2009 मध्ये आली, 2018 व 2023 मध्ये सुधारली गेली. राज्याची खरेदी नियमपुस्तिका 1 डिसेंबर 2016 ची आहे. वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये संमत झाला. महाविद्यालयांच्या खरेदी समित्यांपुढील प्रश्न त्यामुळे अधिक नेमका झाला आहे : करार संपल्यावर विद्यार्थ्यांची दहा वर्षांची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळणार, आणि ती दुसऱ्या प्रणालीत उघडते का, हे पहिला हप्ता देण्यापूर्वी कोणी करून पाहिले आहे काय?