सहा दिवसांचा सत्ताधीश

नाटककाराच्या हातात राज्य दिलं तर? म्युनिकमध्ये एप्रिल १९१९ला हे खरंच घडलं. अर्न्स्ट टोलर, वय फक्त २५!

हा जर्मन ज्यू पोरगा १९१४ला हौसेने लढाईवर गेला आणि खंदकातले मृत्यू बघून पक्का युद्धविरोधी होऊन परतला. बव्हेरियातल्या क्रांतिकारी सरकारचं प्रमुखपद त्याच्याकडे जेमतेम सहा दिवस टिकलं. मग, गंमत बघा, याच शांततावाद्यावर लाल सैन्याचं नेतृत्व करायची वेळ आली. डाखाऊ गाव जिंकल्यावर पकडलेल्या अधिकाऱ्यांना गोळ्या घालायचा हुकूम मात्र त्याने धुडकावला.

क्रांती चिरडली गेली, टोलरला पाच वर्षं तुरुंग. तिथेच त्याने ‘मासे मेन्श’ हे एक्स्प्रेशनिस्ट नाटक लिहिलं. क्रांतीसाठी माणसं मारावीत का, हाच त्यातला पेच.

१९३३ला नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, नागरिकत्व काढून घेतलं. त्याच वर्षी डाखाऊला छळछावणी उभी राहिली. परदेशात टोलर हिटलरविरुद्ध बोलत राहिला, स्पेनच्या युद्धात होरपळलेल्यांसाठी मदत मागत फिरला. २२ मे १९३९ला न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात त्याने आयुष्य संपवलं.

लोक त्याला हरलेला क्रांतिकारक म्हणतात. मला तरी त्या सहा दिवसांच्या सत्तेपेक्षा डाखाऊमधला तो नकारच मोठा वाटतो.