विहिरीची नाडी

कोकणात खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात मचूळ झाली की आमच्या आज्या उपसा कमी करीत. लोद, रामला, अश्दोद येथे आपली वस्ती आहे. त्या किनारपट्टीखालीही गोड्या पाण्याचा साठा आहे. १९५० च्या दशकात तेल अवीवच्या आसपास एवढा उपसा झाला की भूजल समुद्राच्या पातळीखाली गेले व खारे पाणी आत शिरले. १९५५ मध्ये पाणी मोजून देण्याघेण्याचा कायदा झाला, १९५९ मध्ये पाणी सर्वांच्या मालकीचे ठरले आणि १९६४ मध्ये किन्नेरेतचे पाणी दक्षिणेस आले. आजही विहिरींतील पाण्याची पातळी, क्षार व नायट्रेट तपासतात. जास्त नायट्रेट तान्ह्या बाळाच्या रक्ताला बाधते, हे आम्ही परिचारिका जाणतो. रोग्याची नाडी नेमाने पाहावी लागते, विहिरीचीही तशीच.