जादूगाराच्या कमरेला खंजीरच का?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे त्याला पट लागतोच असं नाही, सोंगट्या असल्या तर नावापुरत्या, आणि शेवटी कोणी जिंकतही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक जण गोष्ट सांगतो. तुम्ही एका पडक्या किल्ल्याच्या तळघरात उतरला आहात, समोर बंद दार आहे, दारापलीकडे कोणीतरी घोरतंय. बोला, काय करता? बाकीच्यांनी एकेक पात्र घेतलेलं असतं. कोणी योद्धा, कोणी पुरोहित, कोणी जादूगार. आपलं पात्र काय करतं ते सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे फाशांवर ठरवायचं. फासेही साधे नव्हेत, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे.

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. २०१६ साली आलेली 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका ज्यांनी पाहिली असेल, त्यांना पहिल्याच भागात तो खेळणारी चार मुलं आठवतील.

या खेळाच्या इतिहासातला एक अगदी बारीक नियम मी आज निवडला आहे. १९७४ साली खेळ पहिल्यांदा छापला गेला तेव्हा त्यात लिहिलं होतं, की जादूगाराला शस्त्र म्हणून फक्त खंजीर बाळगता येईल. तलवार नाही, धनुष्य नाही, भाला नाही. या एका वाक्यावर खेळणाऱ्यांनी पन्नास वर्षं वाद घातले आहेत. नियम कुठून आला, हे शोधायला गेलं की गंमत सुरू होते. कारण ज्या कथा-कादंबऱ्यांतून हा खेळ जन्मला, त्यांत असा नियम कुठेच सापडत नाही.

टोल्किनचा गँडाल्फ घ्या. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ग्लॅमड्रिंग नावाची तलवार. मायकेल मूरकॉकचा एल्रिक हा राजा आहे, पट्टीचा मांत्रिक आहे, आणि त्याची काळी तलवार तर त्याच्याहून प्रसिद्ध. फ्रिट्झ लायबरचा 'ग्रे माउसर' मांत्रिकाकडे उमेदवारी करून बाहेर पडलेला. तो तलवार आणि खंजीर दोन्ही चालवतो. जॅक व्हान्सच्या १९५०च्या 'द डाइंग अर्थ'मधला जादूगार टर्जन मोजके मंत्र डोक्यात भरून निघतो, तेव्हा कमरेला पातं खोचायला विसरत नाही. हे सगळे लेखक खेळाच्या कर्त्यानं, गॅरी गायगॅक्सनं, १९७९च्या पुस्तकात आपल्या प्रेरणास्थानांच्या यादीत स्वतःच नोंदवले आहेत.

कथा सोडा, युरोपातल्या खऱ्या जादूच्या पोथ्या पाहा. 'सॉलोमनची किल्ली' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हस्तलिखितांत विधीच्या साहित्यात काळ्या नि पांढऱ्या मुठीच्या सुऱ्या आहेत, काठी आहे आणि तलवारीसुद्धा आहेत. आपल्याकडे तर मंत्र आणि शस्त्र यांची फारकत कधी झालीच नाही. द्रोणाचार्य, परशुराम ही नावं घेतली तरी पुरे. अस्त्र म्हणजे मंत्रानं भारलेलं शस्त्र, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

मग हा खंजीर आला कुठून?

गायगॅक्स हा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावचा. विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर घराच्या तळघरात जोडे दुरुस्त करून त्यानं दिवस काढले. छंद मात्र लढायांचे खेळ खेळण्याचा; टेबलावर शिशाचे छोटे सैनिक मांडून जुन्या लढाया लढायच्या. जेफ पेरेनबरोबर त्यानं १९७१ साली मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' नावाची नियमपुस्तिका काढली. तिच्या शेवटी परीकथांतल्या प्राण्यांसाठी एक पुरवणी जोडली होती, आणि त्या पुरवणीत जादूगार आहे. पण कसा? चालती-बोलती तोफ! त्यानं फेकलेल्या आगीच्या गोळ्याचा आवाका मोठ्या गोफणयंत्राएवढा. साध्या बाणांनी त्याला काही होत नाही. आणि जादूगाराला जादुई शस्त्रं वापरता येतात, असं तिथं साफ लिहिलेलं आहे. म्हणजे १९७१ साली तलवारीला आडकाठी नव्हती.

तीन वर्षांत असं काय घडलं?

घडलं ते असं, की सैन्य जाऊन माणूस आला. मिनेसोटातल्या डेव्ह आर्नसननं 'ब्लॅकमूर' नावाच्या आपल्या खेळात प्रत्येकाला एकच पात्र दिलं. ते पात्र एका बैठकीत मेलं नाही तर पुढच्या बैठकीत परत येतं, अनुभव गोळा करतं, मोठं होतं. हे दोघे एकत्र आले आणि १९७४ साली तीन पातळ पुस्तिका असलेल्या खोक्यात हा नवा खेळ विक्रीला आला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची, खोकी घरीच भरलेली.

आता पाच जण एकाच टेबलावर बसले आहेत आणि त्यातल्या एकाकडे तोफ आहे. बाकीच्या चौघांनी काय करायचं? तेव्हा जादूगाराला खालच्या पायरीवर आणून बसवला. सुरुवातीला त्याच्याकडे दिवसाला एकच मंत्र. तोही व्हान्सच्या पद्धतीचा. सकाळी पाठ करायचा, एकदा म्हटला की डोक्यातून पुसला जायचा. (इथं कर्ण आठवला तर नवल नाही. परशुरामाच्या शापानं ऐन वेळी त्याला ब्रह्मास्त्राचा मंत्र आठवेना. फरक इतकाच, की कर्णावर ती पाळी एकदा आली, या खेळातल्या जादूगारावर रोज येते.) अंगात चिलखत घालायची मुभा नाही. पुस्तिकेतच कबुली आहे, की सुरुवातीचा जादूगार फार दुबळा असतो. योद्ध्यांनी सांभाळला तर तगेल, आणि तगला तर पुढे सगळ्यांना भारी पडेल.

खंजिराचा नियमही याच दुबळेपणासाठी केला असणार, असं आपण चटकन म्हणून टाकतो. पण इथंच खरी मेख आहे. १९७४च्या नियमांत सगळी शस्त्रं सारखीच! तलवार लागो, परशू लागो की खंजीर, इजा सहा बाजूंच्या एका फाशावर ठरायची. वेगवेगळ्या शस्त्रांना वेगवेगळे फासे आले ते पुढच्या वर्षी, 'ग्रेहॉक' या पुरवणीत. त्यात खंजिराला चार बाजूंचा आणि तलवारीला आठ बाजूंचा फासा मिळाला. म्हणजे पहिलं वर्षभर खंजीरवाल्या जादूगाराचा वार तलवारवाल्याच्या वाराइतकाच खोल जात होता.

मग तलवार नाकारून मिळवलं काय? माझ्या मते उत्तर खजिन्याच्या तक्त्यात आहे. तळघरात सापडणाऱ्या जादूच्या वस्तूंसाठी शंभरांचा एक तक्ता दिलेला होता. त्यात पहिले वीस आकडे एकट्या तलवारींचे. आणि या तलवारी नुसत्या धारदार नव्हेत. कित्येकींना बुद्धी होती, काही बोलत, काही तर धरणाऱ्याच्याच मनाचा ताबा घेत. पुस्तिका सांगते, की सगळी जादुई शस्त्रं योद्ध्याला वापरता येतात आणि हीच त्याची मोठी जमेची बाजू. जादूगाराला उरलेल्या बहुतेक चमत्कारी वस्तू खुल्या, फक्त योद्ध्याची शस्त्रं आणि चिलखतं वगळून.

ही लढाईची अक्कल नव्हे, ही वाटणी आहे. खळ्यावर धान्याची रास पडली की सुताराचं, लोहाराचं, चांभाराचं बलुतं ठरलेलं असायचं, तसली. छड्या आणि गुंडाळपोथ्या जादूगाराच्या, तलवार योद्ध्याची. योद्ध्याकडे मंत्र नव्हते. तलवारही सगळ्यांना मोकळी केली असती, तर तो पात्र घेणारा गडी कशासाठी खेळला असता?

पुरोहिताकडे पाहिलं की हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं दिसते. तोही मंत्र म्हणणारा. त्याला धार नसलेली शस्त्रंच चालत, गदा, सोटा, हातोडा. बाणसुद्धा नाही. याला इतिहासाचा आधार म्हणून बायोच्या सुप्रसिद्ध भरतकामाकडे बोट दाखवलं जातं. १०६६च्या हेस्टिंग्जच्या लढाईत विल्यमचा सावत्र भाऊ, बिशप ओडो, हातात सोटा घेऊन घोड्यावर दिसतो. धर्मगुरूनं रक्त सांडायचं नाही, म्हणून त्यानं सोटा घेतला, असा अर्थ लोकांनी लावला. सोट्यानं डोकं फोडलं तर रक्त येत नाही काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही! शिवाय त्याच कापडावर खुद्द विल्यमच्या हातीही तसाच सोटा आहे, आणि तो काही धर्मगुरू नव्हता. म्हणून बरेच अभ्यासक त्याला अधिकाराची खूण मानतात. रोलाँच्या गाण्यातला आर्चबिशप टर्पिन तर तलवारीनं शत्रू कापत सुटतो. १२१५च्या लॅटरन परिषदेनं धर्मगुरूंना रक्तपातापासून दूर राहायला सांगितलं हे खरं, पण सोटा चालेल अशी सवलत कुठे दिलेली नाही. इतिहासाचा आधार असा कच्चा. खेळातला परिणाम मात्र पक्का. जादूच्या तलवारी पुरोहितालाही मिळाल्या नाहीत.

शस्त्र निवडणं म्हणावं अशी वेळ जादूगारावर आली ती १९७८ साली. त्या वर्षीच्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये त्याला तीन शस्त्रं खुली झाली : खंजीर, हातानं फेकायचा डार्ट आणि लाठी. पण सुरुवातीला त्यातल्या एकाच शस्त्रात तो तरबेज असू शकत होता. दुसरं शस्त्र शिकायचं तर सातवी पायरी गाठायची. न शिकलेलं हाती घेतलं, तर वीस बाजूंच्या फाशावर पाचाची तूट.

आता सांगा, तुम्ही काय घ्याल? हिशेबी खेळाडू डार्ट घेत. दिसायला फुसका, इजा जास्तीत जास्त तीन. पण एका फेरीत तीन डार्ट फेकता येत आणि तेही योद्ध्याच्या मागे उभं राहून. खंजीर एका फेरीत दोनदा फेकता येई, इजा चारपर्यंत, आणि कोणी अंगावर आलंच तर हातातही चाले. लाठीची इजा सहापर्यंत, पण ती चालवायची तर शत्रूच्या पुढ्यात जायला हवं, आणि ज्याच्या जिवाचा आकडा चार बाजूंच्या फाशावर ठरतो त्यानं पुढ्यात जाणं म्हणजे आपणहून सरणावर चढणं. तरीही लाठी घेणारे होते. पुढेमागे जादूची लाठी सापडेल, ही आशा.

त्यानंतरची वाट मी भराभर सांगतो. १९८९ साली गोफण आणि चाकूची भर पडली. २००० साली नव्या मालकांनी, म्हणजे विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं, नियम मुळातून बदलले. 'वापरता येणार नाही' हे शब्दच गेले. तलवार शिकायची आहे? शिका, पण त्यासाठी दुसरं एखादं कसब सोडा. चिलखत घालायचं आहे? घाला, पण पूर्ण पोलादी चिलखतात शंभरात पस्तीस वेळा मंत्र फसेल. बंदी जाऊन किंमत आली. आणि जादूगाराला आडवं धनुष्य, क्रॉसबो, मिळालं. त्याचा फासा आठ बाजूंचा, लांब तलवारीएवढा! लांब झग्यातला दाढीवाला म्हातारा क्रॉसबोचा चाप ओढतो आहे, हे चित्र पुष्कळांना रुचलं नाही. मलाही ते विजोडच वाटतं.

गायगॅक्स २००८च्या मार्चमध्ये गेला, आर्नसन २००९च्या एप्रिलमध्ये. २००८च्या आवृत्तीत काही मंत्र हवे तितक्या वेळा म्हणता येऊ लागले आणि २०१४च्या आवृत्तीनं ती सोय कायम ठेवली. दहा बाजूंच्या फाशाची आगीची शलाका एकशेवीस फुटांवर, दिवसभर, फुकट. ती हाताशी असताना खंजीर कोण उपसणार? २०२४च्या नियमांत तर जादूगाराला सगळी साधी शस्त्रं खुली आहेत, पुरोहिताची गदासुद्धा. पन्नास वर्षांनी दार सताड उघडलं, तेव्हा आत जायची कोणाला गरजच उरली नव्हती.

नव्या पद्धतीत सोय आहे, हे मी नाकारत नाही. आपली पाळी आल्यावर दर वेळी काहीतरी करता येणं ही खेळणाऱ्याची रास्त अपेक्षा आहे. पहिल्या पाच मिनिटांत एकुलता मंत्र खर्चून पुढचे तीन तास मशाल धरून बसणं फारसं कोणाला आवडत नसे. पण त्या तीन तासांत जादूगार इतरांशी बोलत असे. दाराला कान लावू का, नकाशा मी काढू का, माझ्यापुढे उभा राहशील का? तो योद्ध्याला धरून राही, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता.

२००० नंतरच्या दशकात काही मंडळींना त्याचीच ओढ लागली आणि जुने नियम नव्यानं मांडून छापायची एक चळवळच उभी राहिली. १९७८च्या धाटणीवर बेतलेलं 'ऑस्रिक' २००६ साली आलं. आजही काही टेबलांवर हे जुने खेळ चालतात. तिथं नवा गडी जादूगार निवडतो तेव्हा गोष्ट सांगणारा त्याला पहिल्यांदा मंत्र विचारतो आणि मग शस्त्र. मला कोणी विचारलं तर मी खंजीरच घेईन. डार्ट फेकून संपतात. खंजिरानं निदान दोर तरी कापता येतो.